खळगा काकांचा, बगळा कोणाचा?

अन्याय झाला तो चंद्रकला माळगे यांच्यावर. कधी, तर २००५ साली, ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी साडेचारच्या सुमारास. कुठे, तर न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या लायब्ररीच्या खालच्या हॉलमध्ये, समोशांच्या ट्रेपासून चार पावलांवर. साक्षीदार पन्नासएक होते. त्यातले निम्मे तरी आज हे वाचत असतील. त्यांनी कृपा करून 'आम्ही तेव्हा पार्किंगमध्ये होतो' असं म्हणू नये.

माळगे हे त्यांचं माहेरचं आडनाव. सासरचं लिहिलं तर यजमानांचं नाव उघड होईल, आणि ते मी लिहिणार नाही. भीड म्हणून नव्हे. त्यांचं नाव पुष्कळ ठिकाणी लिहून झालेलं आहे, तेही ओल्या मातीत शिक्का मारून, भट्टीत भाजून. इथे ते नुसते काका. एका लेखापुरतं बिननावाचं राहून काय वाटतं ते त्यांनाही कळू दे.

मी एम.एस.साठी नागपूरहून आले आणि दोन वर्षं ह्या काकांच्या टाउनहाउसमध्ये वरच्या खोलीत भाड्याने राहिले. काका औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. दिवसभर गोळ्या एकसारख्या आहेत की नाहीत ते बघायचं आणि संध्याकाळी कम्युनिटी सेंटरच्या क्लासला जाऊन एकही भांडं दुसऱ्यासारखं होणार नाही असं चाक फिरवायचं, हा त्यांचा दिनक्रम. फार वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना सहा आठवडे जपानला पाठवलं होतं. बरोबरचे लोक कॅमेरे घेऊन परतले. काका वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक टवका उडालेली बशी आणि एक जीवितकार्य घेऊन परतले. सहा आठवड्यांत माणूस जपानी होत नाही, पण काकांनी प्रयत्न सोडला नव्हता.

त्यांचं एक वाक्य होतं. "चित्राला पाठ नसते. भांड्याला असते. म्हणून भांडं मोठं." हे वाक्य ते कोणालाही ऐकवत. घर गरम ठेवणारी फर्नेस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी ते इंग्रजीत ऐकवलं होतं, आणि त्याने आदराने मान हलवून पन्नास मैलांवरच्या आपल्या सासूच्या फुलदाणीबद्दल सांगितलं होतं.

पाठ बघायची म्हणून काका कोणाच्याही घरी गेले की बशी उलटी करत. बशीत काही असलं तर उलटी न करता डोक्याच्या वर उचलत आणि खालून बघत. ओक ट्री रोडवरच्या एका हॉटेलात त्यांनी सांबाराची वाटी अशी उचलली, आणि सांबार चष्म्यावर, चष्म्यावरून शर्टावर आलं. वाटी स्टीलची होती. "काका, स्टीलच्या वाटीखाली काय असणार?" मी विचारलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "मेड इन इंडिया. बघ, कळलं की नाही?"

पण खरा सोहळा घरी. शनिवारी सकाळी त्यांच्याकडे पोह्यांना कोणी ना कोणी असायचंच. जवळच्या एडिसनचे तर यायचेच, कोणी पाहुणा पार पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमाँटहून आला असला तर त्यालाही आणलं जायचं. काकांनी घडवलेल्या बशीत पोहे यायचे आणि काका समोर बसून खाणाऱ्याच्या चमच्याकडे बघत राहायचे.

"हं, आता डाव्या बाजूने खा. पाय दिसतील."

"कोणाचे पाय, काका?"

"खा तर खरं."

दोन घास गेले की तपकिरी रेघांचे दोन पाय दिसत. मग पंख, मग मान. शेवटच्या घासाला बगळ्याची चोच. जपानमध्ये बशीवरचं चित्र भिंतीवरच्यासारखं आयतं बघायला मिळत नाही, ते खाऊन मिळवावं लागतं, अशी काकांची शिकवण. त्यामुळे अर्धे पोहे टाकून उठणं त्या घरात शक्य नव्हतं. "बगळा बिनडोक्याचा सोडून जाणार का?" असं ते विचारत. मधुमेह असलेल्या एका सद्गृहस्थांनी त्यांच्याकडे तीन वेळा पोहे घेतले, कारण त्या सकाळी तीन बशा काढल्या होत्या आणि तिन्हींवर निरनिराळे बगळे होते.

हे बगळे काढणाऱ्या काकू तेव्हा आत दुसरा घाणा परतत असत.

आता त्यांच्याबद्दल. चंद्रकला माळगे सोलापूरच्या. लग्नाआधी सहा वर्षं त्या चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायच्या. ग्राफपेपरवर एक चौकोन म्हणजे एक धागा, ह्या हिशेबाने मोर, कमळं, ताजमहाल. इथे त्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला होत्या. काका क्लासहून एकदा भाजलेल्या कोऱ्या बशा आणायचे. काकू कुकर लावून डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र अंथरायच्या आणि तीन शिट्ट्यांच्या आत बगळा काढायच्या. कच्ची भाजलेली माती टिपकागदासारखी असते, ब्रश टेकला की रंग पिऊन टाकते. पुसायची सोय नाही, दुसरी रेघ मारायची सोय नाही. मी एकदा बाजूला बसून मोजलं, अख्ख्या बगळ्याला अकरा रेघा.

आणि बशा कशा? वाकड्या. वाकडेपणा हा जपानमध्ये गुण मानतात हे काकांना फार लवकर कळलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी चाक शिकायचं सोडून दिलं. एका बशीच्या काठाजवळ त्यांचा अंगठा रुतून खळगा पडला होता. दुसऱ्या कोणी ती बशी कुंडीखाली ठेवली असती. काकूंनी ती दोन दिवस ओट्यावर ठेवली, येता-जाता बघितली, आणि तिसऱ्या दिवशी बगळा असा काढला की त्याची मान बरोबर त्या खळग्यात उतरली. खळगा हे डबकं झालं. नुसता उभा असता तो बगळा, आता मासा शोधायला लागला. काकांची चूक काकूंनी पाण्यात बुडवली होती.

बगळ्याच्या मागे गवत असायचं, आणि गवतात मधेमधे मुद्दाम कोऱ्या सोडलेल्या जागा. मी विचारलं, "इथे काही काढायचं राहिलं का?"

"राहिलं नाही, सोडलंय," काकू म्हणाल्या. "पिवळा मी लावत नाही. तो खाणारे लावतात."

त्याचं असं की चित्रावर काका चढवत त्या काचेसारख्या झिलईला भट्टीतून निघताना केसाएवढ्या बारीक चिरा जायच्या. जपानमध्ये अशा चिरांत वर्षानुवर्षं चहा मुरतो आणि जाणकार त्या डागांवर जीव टाकतात. आमच्या घरी मुरायची हळद. पोह्यांची, आमटीची, कढीची. वर्षभरात बगळ्यामागचं गवत कापणीला आल्यासारखं पिवळं झालं. हे होणार हे काकूंना आधी माहीत होतं, काकांना झाल्यावर कळलं, आणि झाल्यावर त्यांनी त्यावर व्याख्यान तयार केलं.

काकांची व्याख्यानं दोन. पहिलं दोन भावांचं. तीनशे वर्षांपूर्वी क्योतोमध्ये दोन भाऊ होते. धाकटा बशा करायचा, थोरला त्यावर चित्र काढायचा, आणि बशीवर दोघांच्या सह्या. "दोघांच्या," असं म्हणून काका दोन बोटं वर करत आणि तशीच धरून ठेवत. "घडवणारा आणि रंगवणारा. ह्याला म्हणतात संस्कृती."

हे ऐकताना मी एकदा हातातली बशी उलटी केली. शिकवलेलंच होतं तसं. मागे एक चौकोनी शिक्का, त्यात काकांचं नाव. शिक्का ओल्या मातीत मारायचा असतो. म्हणजे काकूंच्या हातात बशी येण्याआधीच तिचा मालक ठरलेला असायचा.

"काका, दुसरी सही?"

"अगं पुढारी," काका म्हणाले. मी कॉलेजात मेसच्या जेवणावर पत्रकं काढायचे हे कळल्यापासून ते मला पुढारीच म्हणत. "घरातल्या घरात सह्या कसल्या करायच्या?"

क्योतोतले ते दोघे सख्खे भाऊ होते. त्यांचंही घरातल्या घरातच होतं. पण हे मला सुचलं रात्री अंथरुणात, आणि अशा गोष्टी वेळेवर सुचत नाहीत म्हणूनच जगात काकांसारख्यांचं चालतं.

तर तो शनिवार. आमच्या मराठी मंडळाने लायब्ररीच्या हॉलमध्ये काकांच्या बशांचं प्रदर्शन ठेवलं होतं. चोवीस बशा, चोवीस कार्डं, चोवीस वेळा काकांचं नाव. काकू समोशांच्या ट्रेमागे उभ्या होत्या, नव्या चंदेरीत. लायब्ररीच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं की तीन बशा त्या वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटात कायमच्या ठेवतील आणि एक छापील कार्ड लावतील. मजकूर तेवढा सोमवारपर्यंत द्या.

साडेचारच्या सुमारास एक वयस्कर जपानी बाई आल्या. नोटीस वाचून, एकट्याच. त्यांनी खळग्याची बशी निवडली, काकांची परवानगी मागितली आणि दोन्ही हातांत धरली. काका बशी डोक्यावर नेतात. ह्या बाई बशी टेबलापासून चार बोटंसुद्धा उचलत नव्हत्या, स्वतःच वाकत होत्या. बराच वेळ चित्र बघितलं, मग हळूच बशी उलटी केली. काकांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत कोणीतरी न सांगता पाठ बघितली होती.

"घडवणाऱ्याची खूण," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "अँड हू पेंटेड?"

"इट इज ऑल वन प्रोसेस, मॅडम," काका म्हणाले.

बाईंनी बशी सुलटी केली. खळग्यावरून बोट फिरवलं. "विच केम फर्स्ट? द हॉलो ऑर द बर्ड?"

काकांनी घसा साफ केला. त्या घशातून अजून व्याख्यान निघायचं होतं, तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला. मराठीत, शांतपणे, हातात चिमटा तसाच धरलेला.

"खळगा आधी. खळगा ह्यांचा. बगळा माझा."

जपानी बाईंनी काकूंकडे बघितलं, मग काकांकडे. "व्हॉट डिड शी से?"

आणि काका म्हणाले, "शी सेज, प्लीज हॅव अ समोसा."

त्या बाई सोडून हॉलमधल्या प्रत्येकाला मराठी येत होतं. एकही जण बोलला नाही. त्यातले दोघे हसले. बाईंनी काकूंना वाकून नमस्कार केला, समोसा घेतला आणि गेल्या. मीही बोलले नाही, माझ्या तोंडात समोसा होता. पुढे ह्या गोष्टीचा मी बराच बचाव केला, पण समोसा गिळायला एवढा वेळ लागत नाही.

कोणी म्हणेल, काकूंना इंग्रजी येत होतं, त्यांनी सरळ इंग्रजीत का नाही सांगितलं? येत होतंच. रोज शाळेच्या फोनवर पालकांना त्या अस्खलित झापत. पण ते वाक्य बाईंसाठी नव्हतं. ती काकांना दिलेली संधी होती, आणि काकांनी तिचा समोसा केला.

घरी जाताना गाडीत काकांनी दुसरं व्याख्यान काढलं. मॉडर्न जपानचं. युद्धानंतर क्योतोतल्या तरुण कुंभारांनी भांड्यांची तोंडंच बंद केली, भांड्यात पाणी राहिलंच पाहिजे असं कोणी सांगितलं, असं त्या कुंभारांचं म्हणणं. तेव्हापासून चित्र भांड्यावर नसतं, भांडंच चित्र असतं. घडवणारा वेगळा आणि रंगवणारा वेगळा हे जुनं झालं. "मॉडर्न जपानमध्ये आर्टिस्ट एकच असतो," काका म्हणाले.

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "बरं. मग तो एक कोण?"

काकांनी वायपर सुरू केले. बाहेर लख्ख ऊन होतं.

सोमवारी कार्ड गेलं. त्यावर एकच नाव.

मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक काढलं. मथळा: 'काकूंना न्याय द्या.' खाली चार परिच्छेद. कलेवरची पुरुषी मालकी, अदृश्य श्रम, समोशाचं राजकारण, सगळं होतं. साठ प्रती काढल्या आणि मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाला दारातच वाटल्या.

हॉलमध्ये चाळीस काकू होत्या.

पाचव्या मिनिटाला एक काकू मला कोटांच्या खोलीत घेऊन गेल्या. "तुला कोणी सांगितलं गं आमच्याकडचं?" दुसऱ्या काकूंनी पत्रक नवऱ्याच्या ताटाखाली ठेवलं आणि जेवणभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या म्हणाल्या, "थँक यू, पण एवढं पब्लिकली नको होतं." बटाट्याच्या भाजीच्या रांगेत चार काका एकमेकांकडे संशयाने बघत होते. आमचे काका मात्र निवांत होते. त्यांनी पत्रक उलटं केलं, मागे कोरं दिसलं, आणि मला परत देत म्हणाले, "पाठ रिकामी सोडलीस. एवढं शिकवून काय उपयोग?"

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. "छान लिहिलंयस. कोणाबद्दल आहे?"

"तुमच्याबद्दल, काकू."

"माझं नाव कुठाय ह्यात?"

मला ते माहीत नव्हतं. वर्षभर त्यांच्या हातचं जेवत होते, ताप आला तेव्हा त्यांनी माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. माझ्या फोनमध्ये त्या 'काकू होम' होत्या. काकांनी निदान ते लपवलं तरी होतं. मी विचारलंसुद्धा नव्हतं.

"चंद्रकला," त्या म्हणाल्या. "चंद्रकला माळगे. लग्नात तांदळात दुसरं लिहिलं ह्यांनी. त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात केला, मीच."

मी म्हटलं, दुसरं पत्रक काढते.

"तू बस जरा," त्या म्हणाल्या. "पहिलं काढायच्या आधी मला विचारलं असतंस तर कागद वाचले असते. आता मी काय करायचं ते मी करते."

त्यांनी काय केलं, तर ब्रश धुतला, पुसला आणि स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये लाटण्याशेजारी ठेवून दिला. काका पुढच्या आठवड्यात सहा कोऱ्या बशा घेऊन आले. त्या टेबलावर तशाच राहिल्या. भांडण नाही, अबोला नाही. पोहे वेळेवर, आमटीला फोडणी व्यवस्थित. फक्त बगळा नाही.

मग काकांनी स्वतः ब्रश धरला, क्लासमधून दुसरा आणून. त्यांचा बगळा नळाच्या तोटीसारखा आला. दुसरा बगळा तोटी गळत असल्यासारखा. तिसरा त्यांनी कोणाला दाखवला नाही. महिन्याभराने नवा सिद्धांत आला: चित्राचं अंतिम टोक म्हणजे रिकामी बशी. शनिवारच्या पाहुण्यांना आता ते म्हणू लागले, "खा, खा, तळापर्यंत जा."

"काका, खाली काही नाही."

"तेच तर."

पाहुणे मान डोलवायचे. आतून काकूंच्या झाऱ्याचा आवाज जरा मोठा यायचा.

मी आता अ‍ॅशबर्नला नोकरीला आहे, दुसऱ्या राज्यात. ह्या वर्षी, २००८च्या मार्चमध्ये, एका लग्नासाठी न्यू जर्सीला गेले तेव्हा लायब्ररीत जाऊन आले. दारातून आत गेलं की डावीकडे, खिडकीसमोर काचेचं कपाट. तीन बशा. दोन सुलट्या, मधली पालथी. पालथी का, तर काकांनी तसा लेखी आग्रह धरला होता. भांड्याची पाठ दिसली पाहिजे, जपानी पद्धत आहे. त्यामुळे मधोमध दिसतो तो शिक्का, आणि शिक्क्याखाली कार्डावर पुन्हा तेच नाव.

दोन सुलट्या बशांवरचं पिवळं उडालं होतं. उन्हात हळद उडते हे आपल्याकडे कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. अडीच वर्षं खिडकीचं ऊन आणि वर एकदाही पोहे नाहीत. बगळे जागेवर होते, त्यांच्यामागचं शेत गेलं होतं. मी लायब्ररीच्या बाईंना विनंती केली. त्यांनी कुलूप काढून मधली बशी सुलटी केली. खळग्याची होती ती. आत सगळं गवत अजून पिवळंधमक. काकांनी आपलं नाव वर यावं म्हणून ती पालथी घातली, आणि त्या अंधारात काकूंचं पिवळं टिकलं. काकांनी ह्या कलेची केलेली एवढीच एक सेवा मला सापडली आहे, आणि तीही त्यांना माहीत नाही.

कार्ड बदलता येईल का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, मजकूर देणगीदाराचा आहे. पण वाचकांनी सूचनेचा फॉर्म भरून दिला तर कमिटीपुढे ठेवू. एकीने भरला तर बाजूला पडतो, बरेच आले तर वाचावेच लागतात.

संध्याकाळी काकूंना सांगितलं. त्यांना आता मी चंद्रकलाकाकू म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा काकांनी मागे वळून कोण आलंय ते बघितलं होतं. काकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "कार्ड बदललं की ब्रश काढीन. मागायला मात्र मी जाणार नाही. माझं नाव मीच मागायचं असेल तर राहू दे. आणि तू एकटी नको जाऊस. ज्यांनी त्या बशीत खाल्लंय त्यांनी सांगावं."

म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्ही त्या बशीत खाल्लं आहे. डावीकडून खाल्लंत, पाय बघितलेत, चोच दिसल्यावर टाळ्या वाजवल्यात. तिच्यावरचं पिवळं तुमच्या हाताने लागलेलं आहे. त्या शनिवारी तुम्ही समोशाच्या त्या वाक्यावर गप्प बसलात, किंवा हसलात. लायब्ररी कोणती ते तुम्हाला माहीत आहे. शनिवारी पोह्यांना जाताना वाटेतच लागते.

आधी तिथे जा. काउंटरवर फॉर्म मागा. 'तुमची सूचना' अशी रेघ आहे, तिच्यावर लिहा: ह्या बशांवरची चित्रं चंद्रकला माळगे यांनी काढली आहेत, कार्डावर त्यांचं नाव छापा. आणि फॉर्मवर खाली तुमचं स्वतःचं नाव विचारतील, तिथे काका किंवा काकू असं लिहू नका.